अर्थ चुकला तर शिक्षा कोणी करायची?

मिरजेच्या एका चोवीस वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. तो नमाज पढतो, रोजे धरतो. कॉलेजातले मित्र त्याला म्हणतात, ‘उदारमतवादी इस्लाम’ हा वदतोव्याघात आहे, कारण इस्लाममध्ये धर्म आणि राज्य एकच. घरी अब्बा म्हणतात, हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे. त्याला दोन्ही पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. त्यानं विचारलंय: धर्म आणि राजकारण वेगळं ठेवा, असं मुसलमान राहून म्हणता येतं का? आणि कोणी प्रेषितांबद्दल वाईट बोललं, तर त्यालाही बोलू द्यायचं का?

तुमचा प्रश्न वाचला, पण लगेच लिहायला बसले नाही. मी सव्वीस वर्षं पुण्यात अरबी शिकवलं, आणि आता दर रविवारी घरी दहा-बारा जणांचा वाचनवर्ग घेते. तिथे हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. पण तुमच्या प्रश्नात अब्बा आहेत. घरातल्या माणसाशी वाद घालायचा असेल तर अर्धवट उत्तर उपयोगाचं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी प्रश्नच जरा सोलून बघू. तुमचे मित्र आणि तुमचे अब्बा विरुद्ध बाजूंना उभे आहेत असं वाटतं, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: इस्लामचं म्हणणं एकच आहे, ते कायमचं ठरलेलं आहे आणि ते आपल्याला माहीत आहे. माझा अनुभव वेगळा आहे. ग्रंथ एक, वाचणारे अनेक. माझं माहेर कोकणातलं, आम्ही शाफई, म्हणजे सुन्नींच्या कायद्याच्या चार परंपरांपैकी एकीतले. घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी, म्हणजे दुसऱ्या परंपरेतले. नमाजात हात कुठे बांधायचे, ‘आमीन’ मोठ्यानं म्हणायचं की मनात, इथपासून फरक आहेत, आणि त्यासाठी कुणी कुणाला तुरुंगात टाकत नाही. म्हणजे अर्थ एक की अनेक, हा खरा वाद नाहीच. खरा वाद असा: एखाद्यानं लावलेला अर्थ चुकीचा आहे असं बाकीच्यांना वाटलं, तर त्याला शिक्षा करण्याचा हक्क कुणाचा? अल्लाहचा, समाजाचा, की सरकारचा? गेल्या शंभर वर्षांतले ज्यांना आपण उदारमतवादी मुस्लिम विचारवंत म्हणतो, ते या एका प्रश्नाभोवती फिरताना मला दिसतात. कुराणाचा अर्थ लावण्यात त्यांचं आपसात अजिबात पटत नाही. शिक्षेचा हक्क माणसाच्या हातून काढून घ्यायचा, यावर मात्र पटतं.

यात परिस्थितीचा भाग मोठा आहे, हे आधीच कबूल करते. कैरोत राहणाऱ्या प्राध्यापकाला जे बोलण्यासाठी देश सोडावा लागला, ते तुम्ही मिरजेत चहा पिता पिता बोलू शकता. उलट इथे अल्पसंख्य म्हणून राहताना तुमच्या तोंडचं वाक्य उचलून तुमच्याच मोहल्ल्याला बडवायला दुसरे टपलेले असतात, ती अडचण कैरोत नव्हती. त्यामुळे मी जे सांगतेय ते सगळीकडे सारखंच लागू पडेल असं धरू नका.

इजिप्तची गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची मुळं तिथे एकत्र सापडतात.

३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या राष्ट्रसभेनं खिलाफत, म्हणजे मुसलमानांचा प्रमुख मानल्या जाणाऱ्या खलिफाचं पद, बरखास्त केली. आपल्याकडे तेव्हा खिलाफत चळवळ होऊन गेली होती. मुंबई तिचं केंद्र होती. भायखळ्याचं खिलाफत हाऊस आजही आहे आणि ईद-ए-मिलादचा जुलूस तिथून निघतो. तर खलिफाची जागा रिकामी झाली, आणि इजिप्तचा राजा फुआद याच्या मनात ती आपल्याला मिळावी असं होतं. अशा वेळी, १९२५ मध्ये, अली अब्दुल राझिक नावाच्या माणसानं एक छोटंसं पुस्तक काढलं: ‘इस्लाम आणि राज्यसत्तेची तत्त्वं’. हा गृहस्थ युरोपाळलेला पत्रकार नव्हता. कैरोच्या अल-अझहर या जुन्या धर्मविद्यापीठात शिकलेला आलिम, म्हणजे धर्मपंडित, होता आणि मन्सूरा शहरात शरई (इस्लामी कायद्याच्या) न्यायालयाचा काझी, म्हणजे न्यायाधीश, होता. अब्बांना हे आवर्जून सांगा.

त्याचा मुद्दा साधा होता. खिलाफत हा दीनचा, म्हणजे धर्माचा, भाग आहे असं सांगणारी एकही आयत (वचन) कुराणात नाही. प्रेषित हे संदेश घेऊन आले, सिंहासन स्थापन करायला आले नव्हते. त्यांचा अधिकार हृदयावरचा होता. पुढे खलिफांनी जे चालवलं ती राजवट होती, इतर राजवटींसारखीच, आणि बहुतेक वेळा तलवारीच्या जोरावर उभी राहिलेली. म्हणून मुसलमानांनी आपलं शासन कसं असावं हे अक्कल आणि इतर राष्ट्रांचा अनुभव वापरून ठरवावं. धर्म त्यात आडवा येत नाही. तुमच्या मित्रांचं ‘इस्लाममध्ये धर्म आणि राज्य एकच’ हे वाक्य एका काझीनं शंभर वर्षांपूर्वी, कुराण पुढे ठेवून खोडून काढलं आहे. तो बरोबर होता की चूक यावर खुशाल वाद घाला. पण असं कुणी मुसलमान म्हणूच शकत नाही, हे म्हणणं आता चालणार नाही.

अब्दुल राझिकनं ज्या आयतींचा आधार घेतला, त्यांतली एक अल-गाशिया या सूरेतली (अध्यायातली) आहे. ती आमच्या वर्गात वाचली तेव्हाचा प्रसंग सांगते. वर्गात एक चाचा येतात, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. निम्मं कुराण तोंडपाठ. मी झेरॉक्सचा कागद वाटला आणि त्यांनी कागदाकडे न बघताच पढायला सुरुवात केली: ‘फ-झक्किर, इन्नमा अन्त मुझक्किर. लस्त अलैहिम बि-मुसैतिर.’ ही सूरा जुम्म्याच्या नमाजात नेहमी पढली जाते, त्यामुळे शब्द त्यांच्या जिभेवर बसलेले. मी विचारलं, मुसैतिर म्हणजे काय? ते थांबले. कागद डोळ्यांजवळ धरून शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथे तर साद लिहिलाय.” बरोबर होतं. शब्दकोशात हा शब्द ‘सीन’ या अक्षराखाली शोधावा लागतो, मुसहफमध्ये, म्हणजे कुराणाच्या लिखित प्रतीत, तो ‘साद’ या अक्षरानं लिहिला जातो. मग आम्ही कोश काढला. मुसैतिर म्हणजे डोक्यावर बसलेला मुकादम, हुकमत गाजवणारा. आयत प्रेषितांना सांगतेय: तू आठवण करून देत राहा, तू फक्त आठवण करून देणारा आहेस. तू त्यांच्यावरचा मुकादम नाहीस.

चाचा म्हणाले, “पण पुढे तर अजाबचं सांगितलंय.” तेही बरोबर. पुढची वाक्यं अशी की जो पाठ फिरवेल आणि नाकारेल, त्याला अल्लाह मोठी शिक्षा देईल. मी एवढंच विचारलं, या वाक्यात शिक्षा देणारा कोण आहे? खोलीत कुणी बोललं नाही. चाचांनी ते वाक्य पुन्हा एकदा पढलं, या वेळी सावकाश.

हा प्रसंग सांगून मी बाजी मारली असं मात्र मानत नाही. जुन्या भाष्यकारांपैकी अनेकांनी लिहून ठेवलंय की ही आयत मक्केतली, दुबळेपणाच्या काळातली, आणि पुढच्या युद्धाच्या आयतींनी ती रद्द झाली. तुमच्या मशिदीतले मौलाना हे सांगतील आणि ते खोटं सांगत नसतील. मुद्दा हा की ‘रद्द झाली’ हाही एक अर्थच आहे, माणसांनी लावलेला.

अब्दुल राझिकचं पुढे काय झालं? १२ ऑगस्ट १९२५ रोजी अल-अझहरच्या चोवीस ज्येष्ठ उलेमांच्या (आलिमांच्या) मंडळानं त्याला बोलावलं आणि एकमतानं त्याची आलिम ही पदवी काढून घेतली. काझीपद गेलं. ज्या न्यायमंत्र्यानं हा ठराव अमलात आणायला टाळाटाळ केली, त्याचंही मंत्रिपद गेलं आणि सरकारातली आघाडी फुटली. एका पातळ पुस्तकासाठी एवढं का व्हावं? कारण पुस्तकानं राजाच्या मनातल्या गादीला हात घातला होता. मला तर या प्रकरणात धर्मापेक्षा राजकारणच जास्त दिसतं. आणि याला पुष्टी देणारी गोष्ट अशी की राजकारण पालटल्यावर १९४० च्या दशकात त्याच माणसाची पदवी परत मिळाली आणि तो वक्फ खात्याचा मंत्रीही झाला. पुस्तकातलं अक्षरही बदललेलं नव्हतं.

लगेच पुढच्या वर्षी, १९२६ मध्ये, ताहा हुसैन या इजिप्तच्याच साहित्यिकानं इस्लामपूर्व काव्याबद्दल लिहिताना काही कुराणकथांच्या ऐतिहासिकतेवर शंका घेतली. तक्रारी झाल्या. सरकारी वकील मुहम्मद नूर यांनी चौकशी केली आणि १९२७ मध्ये अहवाल दिला. त्यांना लेखकाची मतं पटली नव्हती, तसं त्यांनी मुद्देसूद लिहिलंही. पण संशोधनाच्या ओघात केलेल्या विधानामागे गुन्ह्याचा हेतू नाही, म्हणून प्रकरण बंद. तो अहवाल मला फार आवडतो. तुमचं म्हणणं चूक आहे, का चूक आहे ते सांगतो, आणि तुम्हाला शिक्षा होणार नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय, हे एका सरकारी अधिकाऱ्यानं कृतीत दाखवलं.

आता पुढचे पासष्ट-सत्तर वर्षांचे टप्पे भराभर ओलांडते. १९९२ च्या जानेवारीत कैरोच्या पुस्तक प्रदर्शनात फरग फोदा या लेखकानं धर्मराज्य की नागरी राज्य या विषयावर जाहीर वादविवादात भाग घेतला. समोर शेख मुहम्मद अल-गझाली हे नावाजलेले आलिम होते. पाच महिन्यांनी, ८ जूनला, फोदांवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते गेले. मारेकऱ्यांच्या खटल्यात अल-गझालींची साक्ष झाली. त्यांच्या साक्षीचा आशय असा होता की धर्मत्याग्याला मारणं हा मूळ गुन्हाच नाही. फार तर जे काम सरकारचं होतं ते खाजगी माणसानं आपल्या हाती घेतलं, एवढाच दोष. वर मी म्हटलं ना, खरा वाद शिक्षेचा हक्क कुणाचा यावर आहे? ही साक्ष म्हणजे त्या वादाचं एक टोक. ज्या क्षणी तुम्ही मान्य करता की चुकीच्या मताला सरकारनं मारावं, त्या क्षणी रस्त्यावरचा तरुण म्हणतो, सरकार करत नाही तर मी करतो. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये म्हाताऱ्या नागीब महफूझ या नोबेल मिळवलेल्या कादंबरीकाराच्या मानेवर अशाच एका तरुणानं सुरा चालवला. ते वाचले, पण लिहिता हात कायमचा अधू झाला.

आणि नसर हामिद अबू झैद. हा माणूस मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो आमच्याच पेशातला. कैरो विद्यापीठात अरबी शिकवायचा. त्याचं म्हणणं: कुराण अल्लाहचं आहेच, पण ते माणसांच्या भाषेत, विशिष्ट काळात उतरलं, म्हणून ते समजून घेणं हे माणसाचंच काम. धर्म वेगळा आणि धर्माविषयी माणसांनी केलेला विचार वेगळा. पहिला पवित्र, दुसरा तपासता येण्याजोगा. त्यानं बढतीसाठी आपले निबंध समितीपुढे ठेवले. समितीतल्या एका सदस्यानं त्यांत धर्मद्रोह आहे असा शेरा मारला, आणि १९९३ मध्ये बढती नाकारली गेली. तिथे थांबलं असतं तर विद्यापीठातलं राजकारण म्हणून सोडून दिलं असतं. पण काही वकिलांनी कोर्टात दावा लावला की हा माणूस धर्मत्यागी आहे, तेव्हा मुसलमान बाईचा याच्याशी निकाह टिकू शकत नाही, दोघांना वेगळं करा. त्याची बायको इब्तिहाल युनूस त्याच विद्यापीठात फ्रेंच शिकवत होती. तिची काहीही तक्रार नव्हती. तिला कुणी विचारलंच नाही. ‘हिस्बा’ नावाच्या जुन्या तत्त्वाखाली कुठलाही तिऱ्हाईत धर्मरक्षणासाठी असा दावा लावू शकत होता. खालच्या कोर्टानं दावा फेटाळला, पण १४ जून १९९५ ला अपील कोर्टानं निकाह रद्द ठरवला, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च पातळीवर तो निकाल कायम झाला. तोवर नवरा-बायको हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात निघून गेली होती. मी मुसलमान आहे हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. २०१० मध्ये कैरोत गेला आणि तांताजवळच्या त्याच्या गावी पुरला गेला.

मी हे वर्गात शिकवते तेव्हा मुली नेहमी इब्तिहालबद्दल विचारतात, मुलगे अबू झैदबद्दल. मुलींचा प्रश्न जास्त खोल जातो असं मला वाटतं. अभिव्यक्तिस्वातंत्र्य गेलं की फक्त लेखकाचं जात नाही, त्याच्या घरातल्यांचा संसारही दुसऱ्यांच्या हाती जातो.

सुदानचंही सांगायला हवं. महमूद मुहम्मद ताहा, शिक्षणानं इंजिनिअर, वृत्तीनं सूफी. मक्केतल्या आयतींत इस्लामचा कायमचा संदेश आहे आणि मदिनेतले बरेच नियम त्या काळापुरते होते, असं त्यांचं म्हणणं. जाफर निमेरीनं १९८३ मध्ये शरियाच्या नावानं कायदे आणले, ताहांनी विरोधात पत्रक काढलं, आणि १८ जानेवारी १९८५ रोजी पंचाहत्तरी ओलांडलेल्या या माणसाला खार्तूमच्या तुरुंगात फाशी दिली. अडीच-तीन महिन्यांत निमेरीची सत्ता उलथली आणि १९८६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्दबातल ठरवली. त्यांचे शिष्य अब्दुल्लाही अन-नईम आज म्हणतात की मला मनापासून मुसलमान राहायचं आहे, म्हणूनच मला धर्मनिरपेक्ष राज्य हवं. सक्तीनं पढलेली नमाज ही नमाजच नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. आणि ते एकाच प्रदेशात अडकलेलं नाही. इंडोनेशियात नूरखोलिश मजीद यांनी १९७० मध्येच ‘इस्लाम हवा, इस्लामी पक्ष नको’ असं म्हटलं होतं. तिथल्या उलेमा परिषदेनं २००५ मध्ये उदारमतवाद, बहुविधता आणि धर्मनिरपेक्षता यांच्याविरुद्ध फतवा काढला, म्हणजे झगडा तिथेही मिटलेला नाही.

आता एक गोष्ट जी आमच्या बाजूचे लोक सांगायला कचरतात. विचारस्वातंत्र्य चिरडणारे नेहमी कर्मठच होते असं नाही. ८३३ मध्ये बगदादच्या खलिफा मामूननं बुद्धिवादी मुतझिलांचं मत, म्हणजे कुराण हे निर्माण केलेलं आहे, अनादी नाही, हे सगळ्या काझी-आलिमांवर लादलं. नाकारणाऱ्या अहमद इब्न हंबल यांना कैदेत टाकलं, पुढच्या खलिफाच्या काळात फटके मारले. म्हणजे त्या प्रकरणात बुद्धिवाद्यांच्या हातात चाबूक होता आणि परंपरावादी आपल्या मतासाठी मार खात होता. माझ्या लेखी तिथे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा नायक इब्न हंबलच आहे, त्याचं मत मला पटत नसलं तरी. आजचे काही सुधारक सरकारच्या काठीनं समाज सुधारायला निघतात, त्यांना मी हे मुद्दाम वाचायला देते.

इथवर आलो तर एकदा मागे वळून बघू. धर्म आणि सत्ता वेगळी ठेवा हे इस्लामच्या आतून म्हटलं गेलं आहे, म्हणणाऱ्यांत शिकलेले आलिमही होते, आणि त्यांना जी शिक्षा झाली ती बहुतेक वेळा सत्तेच्या गरजेतून झाली. आता दुसरा प्रश्न, जो जास्त अवघड आहे.

आधी पडती बाजू. जुन्या फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, चारही सुन्नी मजहबांनी (परंपरांनी) धर्मत्याग करणाऱ्या पुरुषाला मृत्युदंड सांगितला आहे; स्त्रीच्या बाबतीत हनफींनी कैद सांगितली. आधार बुखारी या संग्रहातल्या हदीसचा, म्हणजे प्रेषितांच्या नावे आलेल्या वचनाचा: ‘जो आपला दीन बदलेल त्याला मारा.’ हे लपवून उदारमतवाद शिकवणारा माणूस तुम्हाला पहिल्याच वादात तोंडघशी पाडेल. पण त्याचबरोबर हेही तितकंच खरं की धर्मत्यागाला या जगात शिक्षा सांगणारी एकही आयत कुराणात नाही. ‘दीनमध्ये जबरदस्ती नाही’ ही आयत आहे, ‘ज्याला हवं त्यानं मानावं, ज्याला हवं त्यानं नाकारावं’ ही आहे. अल-अझहरचे प्रमुख राहिलेले महमूद शलतूत यांनी लिहिलं आहे की एकट्या-दुकट्या निवेदकावरून आलेल्या हदीसवर हद्दची, म्हणजे धर्मानं ठरवून दिलेली, शिक्षा उभी करता येत नाही असं अनेक उलेमा मानतात, आणि नुसतं न मानणं हे कुणाचं रक्त हलाल करत नाही. बाकीचे म्हणतात की त्या काळी दीन सोडणं म्हणजे लढाईत शत्रूला जाऊन मिळणं होतं, हदीस त्या फितुरीबद्दल आहे. मला हे पटतं. तुम्हाला पटावंच असा आग्रह नाही.

निंदेबद्दल माझा भर एका आयतीवर असतो. सूरा निसामध्ये आहे: अल्लाहच्या आयतींचा इन्कार आणि थट्टा चाललेली ऐकलीत, तर ते लोक दुसऱ्या विषयाकडे वळेपर्यंत त्यांच्यात बसू नका. ‘वळेपर्यंत’ या शब्दाकडे नीट बघा. उठून जा, एवढंच सांगितलंय. मारा असं नाही. आणि विषय बदलला की परत येऊन बसायला मोकळीक आहे, म्हणजे संबंधही तुटत नाही. हाच आदेश मक्केतल्या सूरा अनआममध्ये येतो आणि मदिनेतल्या सूरा निसामध्ये त्याची आठवण करून दिली जाते. दुबळे असताना हेच, आणि हाती सत्ता आल्यावरही हेच. तुमच्याशी वाद घालणारा लगेच काब इब्न अशरफचं उदाहरण काढेल, निंदेच्या कविता करणारा हा माणूस मदिनेत मारला गेला म्हणून. त्याला विचारा: बद्रच्या लढाईनंतर तो मक्केला जाऊन कुरैशांना, म्हणजे प्रेषितांविरुद्ध लढणाऱ्या तिथल्या टोळीला, पुन्हा लढायला चिथावत होता, हे सीरतच्या (प्रेषितांच्या चरित्राच्या) ग्रंथांत आहे की नाही? युद्धातली चिथावणी आणि कुणी लिहिलेला एखादा लेख यांत फरक करता आला पाहिजे.

कायद्यानं निंदा थांबते का, तेही आपल्या उपखंडाच्या इतिहासात दिसतं. १९२० च्या दशकात लाहोरला प्रेषितांची निंदा करणारी एक पुस्तिका निघाली. प्रकाशक १९२७ मध्ये हायकोर्टातून सुटला, त्यातून उठलेल्या संतापावर तोडगा म्हणून त्याच वर्षी दंडविधानात धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याला शिक्षा सांगणारं कलम २९५-अ घातलं गेलं. तरी १९२९ मध्ये प्रकाशकाचा खून झालाच. फाळणीनंतर ते कलम दोन्ही देशांत राहिलं. पाकिस्तानात १९८६ मध्ये त्यावर प्रेषितांच्या निंदेबद्दलचं २९५-क चढलं, मृत्युदंडापर्यंत जाणारं. ४ जानेवारी २०११ ला पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकानं मारलं, कारण त्यांनी या कायद्यावर टीका केली होती. कायद्यावर टीका हीच निंदा ठरली. या कायद्याला कुराणात आधार नाही असं म्हणणारे तिथले धर्म-अभ्यासक जावेद अहमद गामिदी यांनाही देश सोडावा लागला. त्यांची उर्दू भाषणं तुमच्या अब्बांना ऐकवा; भाषा इतकी शालीन आहे की न पटणाराही ऐकून घेतो.

म्हणजे वाईट बोललेलं ऐकून दुखू नये का? दुखतं. मलाही दुखतं. पण दुखण्याला उत्तर द्यायचं ते शब्दानं, किंवा उठून जाऊन. हिंसेची चिथावणी असेल तर तो वेगळा गुन्हा आहे आणि तिथे पोलिसांचं काम आहे, मग चिथावणी कुणाच्याही धर्माविरुद्ध असो.

स्वतःचा एक अनुभव इथे सांगावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात अब्दुल राझिकवर माझं व्याख्यान ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी फोन आला, “मॅडम, वातावरण ठीक नाही, पुढे बघू.” हरकत घेणाऱ्यांनी फक्त फलकावरचा ‘खिलाफत’ हा शब्द वाचला होता. व्याख्यान रद्द झाल्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून वाईट पुढच्या वर्षी मी जे केलं त्याचं वाटतं. दुसऱ्या ठिकाणी बोलावणं आलं तेव्हा मी विषयाचं नाव ‘विसाव्या शतकातलं अरबी गद्य’ असं दिलं आणि अब्दुल राझिकला दोन मिनिटांत उरकलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. भीती बाहेरून आत कशी शिरते, ते तेव्हा कळलं.

महाराष्ट्राबद्दल थोडं. तुमच्या मित्रांना हमीद दलवाई माहीत असतील. मिरजोळीचे, म्हणजे आमच्या चिपळूणकडचे. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाई अर्थ लावत बसले नाहीत; नागरिकाचा हक्क राज्यघटनेतून येतो, तो ग्रंथात शोधू नका, असा त्यांचा बाणा. दुसरीकडे मुंबईतले असगर अली इंजिनिअर, मुंबई महापालिकेत वीसेक वर्षं इंजिनिअर, दाऊदी बोहरा सुधारणा चळवळीतले. त्यांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला, आणि तरी कुराण उघडूनच बोलत राहिले. या दोघांत कोण बरोबर, यावर आमच्या वर्गात आवाज चढतात. मला स्वतःला इंजिनिअरांचा रस्ता जवळचा आहे, पण दलवाईंशिवाय तो रस्ता मोकळा झाला नसता असंही वाटतं. २२ ऑगस्ट २०१७ चा, तिहेरी तलाक रद्द ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. तीन विरुद्ध दोन असा तो लागला. त्या तिघांतले न्यायमूर्ती कुरियन जोसेफ कुराणाच्या वाचनातून तिथे पोचले, आणि न्यायमूर्ती नरिमन व लळित घटनेच्या कलम १४ मधून, म्हणजे समानतेच्या हक्कातून. दोन्ही वाटा एका दारात येऊन मिळाल्या.

अल्पसंख्य असण्याची अडचण मी वर म्हटली. तिच्यावर माझा उपाय एवढाच: जे मी मशिदीबाहेर बोलते तेच आत बोलता यायला हवं, आणि जो मापदंड माझ्या समाजाला लावते तोच समोरच्यालाही लावते. मित्रांपैकी कुणी तुम्हाला ‘तू चांगला मुसलमान, तुझे लोक वाईट’ असं म्हणून टाळी द्यायला लागला, तर ती टाळी घेऊ नका. त्याला विचारा की त्याच्या देवांबद्दल, त्याच्या महापुरुषांबद्दल कुणी लिहिलं तर तो लेखकाच्या बाजूनं उभा राहील का.

अब्बांशी बोलायचं तर ‘उदारमतवाद’ हा शब्दच काढू नका. त्यांच्यासाठी तो परका आहे आणि त्या शब्दावरच गाडी अडकेल. जुम्म्याच्या दिवशी मशिदीतून येताना विचारा, आज इमामांनी कोणती सूरा पढली. कधी ना कधी ते गाशिया म्हणतील. मग घरी मुसहफ उघडा, एकविसावी ते चोविसावी आयत त्यांनाच पढायला सांगा, आणि मुसैतिरचा अर्थ त्यांना विचारा. ते ‘रद्द झाली’ म्हणाले तर कुठल्या तफसीरमध्ये (कुराणाच्या भाष्यात) आहे ते मागा आणि ती तफसीर दोघांनी मिळून वाचा. त्या दिवशी मत बदलणार नाही. माझ्या अब्बांचं बदललं नाही. पण शेवटची दोन वर्षं ते दर रविवारी विचारायचे, “आज वर्गात काय वाचलं?”, आणि मी सांगायचे. ते नाही म्हणायचे, मी का ते विचारायचे, आणि अम्मी दोघांपुढे जेवण वाढायची.